सीमेवरची रुग्णवाहिका



या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे असा रिवाज आहे. आमचे शिक्षण गिरणीच्या दारावर झाले. तेव्हा मोठमोठ्या तहांकडेही आम्ही कामगाराच्या बाजूने पाहतो. शेजारी देशांनी रुग्णवाहिकेच्या कामी एकमेकांना साह्य करावे, हे कोणालाही पटेल. पण त्या साह्याचा कस लागतो तो गाडी हाकणाऱ्या माणसापाशी.

ऑस्ट्रिया व चेक देश यांच्या सीमेवर ग्म्युंड नावाचे गाव आहे. सॅं जर्मेंच्या तहानुसार १९२० साली त्याचा एक भाग चेकोस्लोव्हाकियाकडे गेला. व्हिएन्नाहून प्रागकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे स्टेशन आणि रेल्वेचा कारखाना त्याच भागात होता. तेच आजचे चेस्के व्हेलेनित्से. म्हणजे घर एका राज्यात आणि भोंगा दुसऱ्या राज्यात! दुसऱ्या महायुद्धानंतर मध्ये काटेरी तारा आल्या. त्या १९८९ नंतर निघाल्या, आणि २००७ च्या डिसेंबरात पासपोर्टाची तपासणीही थांबली. रुग्णालय मात्र ऑस्ट्रियाच्या अंगाला, चेक वस्तीपासून पायी जाण्याच्या अंतरावर. चेक रुग्णाला स्वदेशातले मोठे रुग्णालय गाठायचे तर चेस्के बुद्येयोव्हित्सेची वाट धरावी लागे, ती ५० किलोमीटरांहून अधिक.

कोणी म्हणेल, माणूस मरणाच्या दारी असता चालकाने सरळ पलीकडे का जाऊ नये? आम्ही विचारतो, कोणाच्या भरवशावर? पलीकडे अपघात झाला तर त्याचा विमा चालेल काय? त्याच्या भोंग्याला आणि निळ्या दिव्याला तिकडचा पोलीस मान देईल काय? पेटीत मॉर्फिन असते. परवान्यावाचून ते सीमेपार नेणे हा गुन्हा. बरोबरच्या परिचारकाने शीर शोधून सुई टोचली, तर त्या देशात तो परिचारक ठरतो की तोतया? अशा प्रश्नांपायी युरोपातल्या कित्येक सीमांवर रुग्णाला एका गाडीतून उतरवून दुसऱ्या गाडीत चढवीत असत. पावसात, थंडीत, रस्त्याच्या कडेला. त्या चालकांना निर्दय म्हणणारे लोक बहुधा कधी नोकरी गमावण्याच्या भीतीने झोपलेले नसावेत.

चेक देशाने २०१३ साली जर्मनीशी आणि २०१६ साली ऑस्ट्रियाशी या कामासाठी करार केले. अशा करारांत मैत्रीची भाषा थोडी आणि विमा, औषधे, भोंगा यांची कलमे फार, म्हणूनच आम्हांला ते आवडतात. हाक आली आणि आपली गाडी दूर असली, की आपले नियंत्रण केंद्र शेजारच्या केंद्राकडे गाडी मागते. ११२ हा समाईक क्रमांक युरोपाने १९९१ सालीच ठरवला होता. त्यातही एक गंमत आहे. मोबाइलच्या लहरींना सीमा कळत नाही. अलीकडून केलेला फोन कधी पलीकडच्या केंद्रात वाजतो, आणि उचलणाऱ्याची भाषा निराळी! म्हणून दुभाषी तक्ते छापावे लागतात. "कोठे दुखते?" एवढ्या प्रश्नासाठीही दोन देशांच्या माणसांना एकत्र बसावे लागते.

आपल्याकडे २०२१ साली भारताने बांगलादेशाला १०९ रुग्णवाहिका देऊ केल्या. चांगले झाले. पण भेट दिलेली गाडी एकदाच सीमा ओलांडते. रुग्णाला रोज ओलांडायची असते.

देश सोडा, आपली दोन राज्ये घ्या. सिंधुदुर्गातला अवघड रुग्ण बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात न्यावा लागतो. कोल्हापूर घाटापलीकडे आहे, बांबोळी सरळ रस्त्यावर. २०१८ च्या जानेवारीत तेथे गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागू झाले, आणि कोकणात ओरड झाली. गोव्याच्या तिजोरीवर भार पडतो, हे म्हणणे खोटे नाही. मग तो हिशेब मुंबई आणि पणजी यांनी आपसांत बसून करावा. पत्रादेवीच्या नाक्यावर, स्ट्रेचरवरच्या माणसाच्या बायकोला खिसा चाचपायला लावून तो करायचा नसतो.