प्रवेशानंतरची वाट : व्यवस्थापन शिक्षण आणि पहिल्या पिढीतील विद्यार्थी

(व्याख्यानाचा संपादित मजकूर)



ज्याच्या घरात आई किंवा वडील यांपैकी कोणीही महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही, त्याला उच्च शिक्षणातील पहिल्या पिढीचा विद्यार्थी म्हटले जाते. अशा विद्यार्थ्याला विद्यापीठाच्या व्यवस्थापनशास्त्र विभागात प्रवेश मिळाला की घरच्यांना धन्यता वाटते आणि शासनाच्या दप्तरी एक उद्दिष्ट पूर्ण झाल्याची नोंद होते. परंतु त्या प्रवेशाचे खरे मोल पुढील दोन वर्षांत ठरते. त्या काळात संस्था विद्यार्थ्यासाठी काय करते, हाच आजच्या विवेचनाचा विषय आहे.

दारे कशी उघडली

आपल्या देशात व्यवस्थापन शिक्षणाचा पाया स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन दशकांत घातला गेला. कोलकाता येथील भारतीय समाजकल्याण व व्यवसाय व्यवस्थापन संस्था १९५३ मध्ये, तर दिल्ली विद्यापीठाची व्यवस्थापन विद्याशाखा १९५४ मध्ये सुरू झाली. १९६१ मध्ये कोलकाता व अहमदाबाद येथे भारतीय व्यवस्थापन संस्था स्थापन झाल्या. मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज व्यवस्थापन संस्था १९६५ पासून कार्यरत आहे.

या संस्थांची दारे समाजातील व्यापक घटकांसाठी खुली होण्यास मात्र बराच काळ लागला. ९३ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद १५ मध्ये खंड (५) समाविष्ट झाला. त्यास अनुसरून २००६ मध्ये झालेल्या कायद्याने केंद्रीय शैक्षणिक संस्थांत इतर मागासवर्गीयांसाठी २७ टक्के जागा राखून ठेवण्यात आल्या. सर्वोच्च न्यायालयाने अशोक कुमार ठाकूर खटल्यात १० एप्रिल २००८ रोजी ही तरतूद वैध ठरविली. पुढे २०१९ मधील १०३ व्या घटनादुरुस्तीने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी कमाल १० टक्के आरक्षणाचा मार्ग मोकळा केला.

अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये देशातील उच्च शिक्षणातील नोंदणी ४.३३ कोटी, तर स्थूल नोंदणी गुणोत्तर २८.४ होते. हे गुणोत्तर २०३५ पर्यंत ५० टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० ने ठेवले आहे. या वाढीत सामील होणारे अनेक विद्यार्थी महाविद्यालयाशी कधीच संबंध न आलेल्या घरांतील असतील, हे उघड आहे.

तथापि, आपली प्रशासकीय वर्गवारी मुख्यतः जात, उत्पन्न व निवासस्थान यांवर आधारलेली आहे; पालकांच्या शिक्षणाची स्वतंत्र दखल क्वचितच घेतली जाते. तमिळनाडू हा याला ठळक अपवाद होय. तेथे २०१०-११ पासून कुटुंबातील पहिल्या पदवीधराला तसे प्रमाणपत्र देऊन व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षणशुल्कात सवलत दिली जाते.

अलिखित अभ्यासक्रम

व्यवस्थापन शिक्षणात ही अडचण अधिक तीव्र होते, त्याची तीन कारणे आहेत.

पहिले कारण अध्यापनाच्या पद्धतीत आहे. केस पद्धतीत एखाद्या उद्योगापुढील प्रत्यक्ष पेचप्रसंग वर्गात चर्चेला घेतला जातो आणि चर्चेतील सहभागालाही गुण असतात. प्रादेशिक भाषेत शिकून आलेल्या, शिक्षकांसमोर न बोलणे म्हणजेच शिस्त असे संस्कार झालेल्या विद्यार्थ्याला विषय समजलेला असतो. पण इंग्रजीत वाक्य जुळेपर्यंत चर्चा पुढे सरकलेली असते.

दुसरे कारण वेळेचे आहे. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात इंटर्नशिप पहिल्या वर्षाच्या अखेरीस असते. परंतु अनेक अग्रगण्य संस्थांत तिची निवडप्रक्रिया प्रवेशानंतर काही महिन्यांतच पार पडते. घरात किंवा नात्यात कोणी कंपनीत अधिकारी असलेला विद्यार्थी विपणन व वित्त या क्षेत्रांतील कामाचे स्वरूप आधीच जाणून असतो. दुसऱ्याला त्या शब्दांचा व्यवहारातील अर्थ कळेपर्यंत निवड संपलेली असते.

तिसरे कारण ओळखींचे आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये दाखवून दिले की, नोकरीविषयीची उपयुक्त माहिती जिवलग मित्रांपेक्षा दूरच्या परिचितांकडून अधिक मिळते. पहिल्या पिढीतील विद्यार्थ्याकडे जिव्हाळ्याची माणसे असतात. उणीव असते ती अशा दूरच्या परिचितांची.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत ही माहितीची विषमता आहे. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये मांडलेल्या संकेत सिद्धांतानुसार पदवी ही उमेदवाराच्या क्षमतेचा संकेत मानली जाते. माहितीच्या विषमतेवरील संशोधनासाठी स्पेन्स यांना २००१ मध्ये जॉर्ज अकरलॉफ व जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रत्यक्षात मात्र पदवीसोबत उच्चार, पेहराव व घराणे हेही संकेत म्हणून वाचले जातात. सुरिंदर जोधका व कॅथरिन न्यूमन यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, खासगी कंपन्यांचे मनुष्यबळ अधिकारी गुणवत्तेचा पुरस्कार करीत असतानाच उमेदवाराच्या ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ला महत्त्व देतात, असे आढळून आले. वडील काय करतात, हा प्रश्न विचारणाऱ्याला साधा वाटतो. उत्तर देणाऱ्याला तो तसा वाटत नाही.

पैसा आणि पैशाची वेळ

आर्थिक साहाय्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून दिली जाते. वार्षिक कौटुंबिक उत्पन्न ४.५ लाख रुपयांपर्यंत असलेल्यांना तांत्रिक व व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या कर्जावर अधिस्थगन काळातील संपूर्ण व्याजाची सवलत देणारी केंद्रीय योजना २००९ मध्ये आली. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेने निवडक दर्जेदार संस्थांतील, ८ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील पात्र विद्यार्थ्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर याच काळात ३ टक्के व्याजसवलत देऊ केली आहे.

या योजना मोलाच्या आहेत. परंतु एकूण रक्कम पुरेशी असणे आणि ती वेळेवर हाती येणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. शिष्यवृत्ती सत्राच्या अखेरीस जमा होणार असेल, तर खाणावळीचे पैसे, मुलाखतीचा प्रवास व त्यासाठीचे कपडे यांचा खर्च आधी कोठून करायचा? कुटुंबाकडे चार महिन्यांची शिल्लक नसते आणि सावकाराचे व्याज थांबत नाही. हा प्रश्न रोखतेचा आहे. तो सोडविण्यास मोठी तरतूद लागत नाही, तत्पर निर्णय लागतो.

वसतिगृहाचा धडा

या संदर्भात महाराष्ट्राचा इतिहास उद्बोधक आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात १९०१ पासून निरनिराळ्या समाजांतील विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी राहिली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वाला व्यवहारात आणले. विद्यार्थ्याचे नाव पटावर घालून भागत नाही. त्याला निवारा, अन्न, श्रमाची प्रतिष्ठा आणि बरोबरीच्या मुलांची सोबत लागते, हे या दोघांनी ओळखले होते. आजच्या व्यवस्थापन संस्थेने हाच धडा आपल्या परिस्थितीला लावून पाहावा.

त्यादृष्टीने पुढील उपाय शक्य आहेत. सत्रारंभापूर्वी दोन आठवड्यांचा पूर्वतयारी वर्ग घेऊन त्यात लेखाशास्त्र, सांख्यिकी, स्प्रेडशीट व अहवाललेखन यांची ओळख करून द्यावी. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने वंचित पार्श्वभूमीच्या विद्यार्थ्यांसाठी सेतू अभ्यासक्रम व मार्गदर्शन यांची शिफारस केली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाची ‘दीक्षारंभ’ ही २०१९ मधील मार्गदर्शिकाही याच दिशेची आहे. प्रत्येक विद्यार्थ्याला एक शिक्षक व एक वरिष्ठ विद्यार्थी मार्गदर्शक म्हणून नेमून द्यावा आणि शिक्षकाचे हे काम त्याच्या कार्यभारात मोजावे. माजी विद्यार्थ्यांशी परिचय करून देणे ही संस्थेची नित्याची जबाबदारी असावी. सराव मुलाखती निवडप्रक्रियेच्या पुरेशा आधी व्हाव्यात. भरतीसाठी येणाऱ्या कंपन्यांना कौटुंबिक पार्श्वभूमीचे प्रश्न टाळण्याची लेखी विनंती करावी. शिष्यवृत्ती येईपर्यंत उपयोगी पडेल असा लहानसा फिरता निधी विभागप्रमुखांच्या अधिकारात असावा.

यात एक पथ्य आवश्यक आहे. हे साहाय्य शक्य तेथे सर्वांना खुले असावे. ‘मागे पडलेल्यांचा वर्ग’ अशी पाटी लागली की ज्याला गरज आहे, तोच तेथे जाण्याचे टाळतो. त्याचबरोबर परिणामांची मोजणीही व्हावी. अभ्यासक्रम किती जणांनी पूर्ण केला, इंटर्नशिप व पहिली नोकरी कोणाला कशी मिळाली, याची तुलना नावे गुप्त ठेवून दरवर्षी केल्यास कोणता उपाय लागू पडला, हे कळेल.

गुणवत्तेचा प्रश्न

अशा साहाय्याने गुणवत्तेला बाधा येते, असा आक्षेप घेतला जातो. तो टिकणारा नाही. या उपायांत परीक्षेचा निकष कोठेही शिथिल होत नाही. शिवाय इमारत, ग्रंथालय व अध्यापक यांवरील सार्वजनिक खर्च आधीच झालेला असतो. थोड्या साहाय्याअभावी विद्यार्थी कुवतीपेक्षा कमी यश मिळवून बाहेर पडला, तर त्या खर्चाचाच परतावा घटतो. शेतीचे बेभरवशाचे उत्पन्न, आठवडी बाजारातील उधारी, बचत गटाचा हिशेब यांचा अनुभव घेऊन आलेला विद्यार्थी ग्रामीण बाजारपेठेवरील चर्चेत वर्गाला काही नवे देऊ शकतो. मात्र त्यासाठी त्याला बोलते करावे लागते.

औपचारिक समानता आणि वास्तविक समानता यांतील भेद राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात एका परिच्छेदात संपतो. संस्थेच्या जीवनात तो रोज प्रत्ययास येतो. दुर्बल घटकांचे शैक्षणिक व आर्थिक हितसंवर्धन करण्याचे जे निर्देश अनुच्छेद ४६ राज्याला देतो, त्यांची पूर्तता अखेर एखाद्या वर्गात, एखाद्या मार्गदर्शकाच्या खोलीत आणि एखाद्या मुलाखतीच्या टेबलाशी होत असते. पहिल्या पिढीतील विद्यार्थी यशस्वी झाला, तर त्याच्या घरातील पुढचे मूल पहिल्या पिढीचे राहत नाही. त्याला वाट विचारण्यासाठी घरातच माणूस मिळतो.