आशाताईला फोन करताना



कोविडच्या काळात सगळं गाव दारं लावून बसलं होतं, तेव्हा आशाताई मात्र घरोघर फिरत होती. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम निघाली. ताप बघायचा, ऑक्सिजन बघायचा, कोण आजारी ते लिहायचं. काही घरं तिला उंबऱ्यावरूनच परत पाठवायची. स्वतःच्या घरी गेली की लेकराला जवळ घ्यायची चोरी. भेटायला जावं तर बंदी. म्हणून आम्ही फोन धरला.

आमच्या गटात बारा जणी. गावात आशा दोन आणि उपकेंद्राची सिस्टर एक. एकेकीच्या वाट्याला चौघी आल्या. दिवसाची माहिती भरून झाली की तिनं मिसकॉल द्यायचा, मग ज्या बाईची पाळी तिनं फोन लावायचा. तिला उसंत असेल तेव्हाच बोलणं.

एक गोष्ट पहिल्याच दिवशी ठरवली. आज कोण पॉझिटिव्ह निघालं, हे विचारायचं नाही. दिवसभर ती तेच सांगून दमलेली असते, आणि पेशंटचं नाव गावभर करणंही बरं नव्हे. पहिला प्रश्न एवढाच, “जेवलीस का गं?” सिस्टर असेल तर, “सिस्टर, जेवलात का?” पुष्कळदा उत्तर यायचं, “आता बसतेय.” मग ती बोलायची, कधी नुसतीच रडायची. रडू द्यायचं. “तू तर धीराची, रडतेस काय?” असं म्हटलं की बाई गप्प होते आणि पुढचं सांगत नाही. २२ मार्च २०२० ला आपण थाळ्या वाजवल्या, त्यांना योद्धा म्हटलं. पण योद्धा म्हटल्यावर ‘मला भीती वाटते’ हे तिनं कुणाला सांगायचं?

ती जे बोलेल ते आपल्यापाशीच ठेवायचं, गटाच्या बैठकीतही नाही. मात्र कुणी तिला नळावर पाणी भरू देत नाही असं कळलं, तर तिची परवानगी घेऊन त्या घरच्या बाईला आपणच फोन करायचा. बाईचं बाई ऐकते. असे फोन आम्ही केलेत.

फोननं सगळं भागत नाही, हेही खरं. जून २०२१ मध्ये राज्यातल्या आशा मानधनासाठी संपावर गेल्या, ते योग्यच होतं. घरात पैसे नसले की झोप लागत नाही, तिथं आमचा फोन काय करणार?

आता नीट ऐका. रात्रीमागून रात्री झोप नाही, जेवण सुटलंय, “मी नसलेलीच बरी” असं ती म्हणते, तर ते बोलणं हसण्यावारी नेऊ नका. सरळ विचारा, “जीव द्यायचं मनात येतं का?” विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मन मोकळं होतं. हो म्हणाली, तर फोन ठेवू नका. तिच्या घरचं माणूस जवळ बसवा, तिला एकटं सोडू नका. मग १४४१६ लावा. ही सरकारची टेली-मानस सेवा आहे, फुकट, दिवसरात्र, मराठीतही बोलतात. कोविडमध्ये हा नंबर नव्हता, ऑक्टोबर २०२२ पासून आहे. आपल्या घरातल्या कुणासाठीही चालतो.

आमची पाळी अजून चालू आहे, फक्त आता आठवड्यातून एकदा. डेंग्यूची साथ आली की पुन्हा रोज. सिस्टरची मध्यंतरी बदली झाली. नवीन आलेल्या सिस्टरचा नंबर येत्या बैठकीत वहीत लिहून घ्यायचा आहे.