पिवळ्या दिव्याचं गणित

लाल दिवा तोडणारा प्रत्येक चालक बेफिकीरच असतो का? १९६० साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या गाझिस, हर्मन आणि मॅराडुडिन या संशोधकांनी पिवळ्या दिव्याचं गणित मांडलं.

ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला सुमारे १४ मीटर जाते. ब्रेकवर पाय पडायला एखादा सेकंद जातो. बेताने ब्रेक दाबला, तर थांबेपर्यंत एकूण ४५ मीटर लागतात. पिवळा दिवा तीनच सेकंद राहिला, तर तेवढ्यात गाडी ४२ मीटर जाते. चौकापासून या दोन अंतरांच्या मधल्या पट्ट्यात असलेल्या चालकाला धड थांबताही येत नाही, चौक ओलांडताही येत नाही. म्हणून पिवळ्या दिव्याची वेळ वेग आणि चौकाची रुंदी पाहूनच ठरवायला हवी.

आपणही चौक जवळ येताच वेग आवरूया. पिवळा दिवा पाहून गाडी दामटणं जिवावर बेततं.