पावसाळी ताप आणि सेफ्ट्रिॲक्सोनची टोचणी

पावसाळा सुरू झाला कीं मुंबईच्या उपनगरांतील दवाखान्यांचीं बांकें भरून जातात. अंधेरी, बोरीवली, मुलुंड, घाटकोपर, कोठेंहि जा, ताप आलेल्या माणसाच्या घरचें मागणें एकच असतें, "डॉक्टर, एक इंजेक्शन देऊन टाका." त्या इंजेक्शनांपैकीं सेफ्ट्रिॲक्सोन ह्या एकाविषयींच आज बोलावयाचें आहे.

ऋषीचें कूळ शोधूं नये म्हणतात. ह्या औषधाचें तर मुळींच नको! सार्डिनिया बेटावरील काल्यारी शहराचें सांडपाणी जेथें समुद्रास मिळे, तेथें १९४५ सालीं ज्युझेप्पे ब्रोत्सु ह्यांस एक बुरशी सांपडली. पुढें ऑक्सफर्ड येथें तिच्यावर संशोधन होऊन सेफॅलोस्पोरिन वर्गाचा पाया घातला गेला. सेफ्ट्रिॲक्सोन ही त्या घराण्याची तिसरी पिढी. शरीरांतील त्याचें प्रमाण निम्म्यावर येण्यास सुमारें ८ तास लागतात. म्हणून बहुतेक रोगांत दिवसांतून एकच टोचणी पुरते.

विषमज्वर, न्यूमोनिया, मेंदूच्या आवरणाचा दाह ह्यांत तें प्राण वांचवितें. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्या पुरामागून लेप्टोस्पायरोसिस आला. उंदरांच्या मूत्रानें दूषित झालेल्या पाण्यांतून हा रोग होतो. तो बळावल्यास पेनिसिलिन अथवा सेफ्ट्रिॲक्सोन देतात. सौम्य असल्यास डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या पुरतात. डेंग्यूचा ताप मात्र विषाणूचा. तेथें ही टोचणी व्यर्थ होय. तिच्यावर विसंबून रक्ततपासणी लांबणीवर टाकणें तर घातक.

आतां धोक्याकडे वळूं. चुनखडींतील कॅल्शियम हें ह्या औषधाचें वैरी. दोन्ही एकत्र आलीं कीं न विरघळणारे कण बनतात. अशा कणांमुळें नवजात अर्भकें दगावल्याची नोंद आहे. म्हणून पहिल्या २८ दिवसांच्या बाळास शिरेवाटे कॅल्शियम चालू असतां हें औषध वर्ज्य. कावीळ झालेल्या तान्ह्यासहि देऊं नये. मोठ्यांच्या बाबतींतहि तें रिंगर लॅक्टेटच्या बाटलींत कधींच मिसळावयाचें नसतें, कारण त्या द्रवांत कॅल्शियम असतें. घरीं "सलाईन लावून" घेणाऱ्या कुटुंबांनीं हें विशेष ध्यानांत ठेवावें. स्नायूंत टोचतांना वेदना कमी व्हाव्या म्हणून तें लिग्नोकेनमध्यें कालवितात. तें मिश्रण शिरेंत जातां कामा नये.

पेनिसिलिननें पूर्वीं अंगावर गांधी उठल्या असतील, धाप लागली असेल, तर आधींच सांगावें. प्रत्येकास हें औषध वर्ज्य ठरतें असें नाहीं. परंतु निर्णय डॉक्टरांचा. टोचणी नेहमीं अशा ठिकाणीं घ्यावी, जेथें ॲड्रेनलिन हाताशीं आहे.

१ मार्च २०१४ पासून हें औषध एच-१ ह्या अनुसूचींत आहे. वेष्टनावर लाल चौकट असते, आणि औषधविक्रेत्यास विक्रीची नोंद तीन वर्षें जपावी लागते. हा जाच नव्हे. २०१६ सालीं सिंधमधील हैदराबाद येथें विषमज्वराचे असे जंतु उद्भवले कीं त्यांच्यापुढें सेफ्ट्रिॲक्सोनचें कांहींच चालेना. ह्याकरितांच विषमज्वराचा संशय असतां शक्य तों पहिल्या टोचणीपूर्वीं कल्चरसाठीं रक्त घेतात. औषध लागू पडत असूनहि हा ताप उतरावयास चार-पांच दिवस लागूं शकतात; तेव्हां दुसऱ्याच दिवशीं "औषध बदला" असा आग्रह कृपा करून धरूं नये.