'हात उठला' की 'मी मारलं'?

आजचा भाग थोडा जड आहे, पण छोटा आहे. शेवटपर्यंत ऐका.

दोन वर्षांपूर्वी हॉस्टेलमधल्या एका मित्राचा रात्री साडेअकराला फोन आला. म्हणाला, "यार, आज हिच्यावर हात उठला." मी काय म्हणालो माहितीये? "होतं रे टेन्शनमध्ये. सॉरी म्हण, झोप." आणि मीही झोपलो. ती कशी आहे, हे विचारायचं सुचलंच नाही.

नंतर ते वाक्य डोक्यात अडकलं. हात उठला म्हणजे? आपोआप उठतो का? त्याच आठवड्यात मॅनेजरने त्याला सगळ्यांसमोर झापलं होतं. तिथे नाही उठला. म्हणजे कंट्रोल होता. कुणावर हात टाकला तर चालून जातं, हे त्याला बरोबर माहीत होतं.

म्हणून हा प्रश्न फक्त रागाचा नाही. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात डुलुथ नावाचं शहर आहे. तिथे १९८१ मध्ये पोलीस, कोर्ट आणि महिलांसाठी काम करणाऱ्या कार्यकर्त्या एकत्र आल्या. मारहाण करणाऱ्या पुरुषाला कोर्ट एका गटात पाठवतं. दर आठवड्याला, कित्येक महिने. दांड्या मारल्या तर कोर्टाला कळतं.

मार सोसलेल्या बायकांशी बोलून त्यांनी एका चाकाचं चित्र काढलं. मारहाण बाहेरच्या कडेवर. आत आठ आरे: धमक्या, पैसे अडवणं, लोकांपासून तोडणं, मुलांना मध्ये ओढणं, 'एवढं काय झालं' म्हणणं वगैरे. थप्पड कधीतरी बसते, पण चाक रोज फिरतं. गटात बोलायचं ते यावर. तिने काय केलं यावर नाही, मी काय केलं आणि त्यातून मला काय मिळवायचं होतं यावर.

याने फरक पडतो का? ब्रिटनमध्ये 'मिराबल' नावाचा अभ्यास झाला, २०१५ मध्ये निष्कर्ष आले. त्यात पुरुषांच्या पार्टनरनाही विचारलं. आधी ६१ टक्के बायकांना शारीरिक इजा झाली होती, नंतर २ टक्क्यांना. पण पैशांवर, वागण्यावर ताबा ठेवायची सवय तेवढी सुटली नाही. म्हणजे हात थांबला, तरी चाक पूर्ण थांबलं असं नाही.

म्हणूनच चांगल्या कार्यक्रमात तिच्याशी बोलणारी वेगळी व्यक्ती असते. नाहीतर तो म्हणणार, "मी क्लास करतोय ना, आता केस मागे घे." बदल झाला की नाही, हे त्याने नाही, तिने सांगायचं.

आपल्याकडे २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात कलम १४ आहे. मॅजिस्ट्रेट समुपदेशनाचा आदेश देऊ शकतात. पण दोघांना समोरासमोर बसवून समजूत घालणं वेगळं आणि त्याला जबाबदारी घ्यायला लावणं वेगळं. मुंबईत १९९३ मध्ये सुरू झालेली 'मावा' ही पुरुषांची संस्था तरुण मुलांशी याच विषयावर बोलते आहे. लग्नाच्या आधीच.

गेल्या महिन्यात मी त्या मित्राला भेटलो. म्हणालो, "हात उठला नव्हता. तू मारलं होतंस. आणि मी तेव्हा तुला सूट दिली, ते चुकलं माझं." तो उठून गेला. अजून मेसेज नाही. चालेल.

तुम्हाला असा फोन आला, तर सूट देऊ नका. आधी विचारा, ती सुरक्षित आहे का? आणि तिने तुम्हाला काही सांगितलं, तर ते त्याच्या कानावर घालू नका. महिला हेल्पलाइन १८१, तातडीची मदत हवी असेल तर ११२.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.