सैतानाचा पत्ता कुणी रंगवला?

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

हातात काम असेल तर चालू द्या, ऐकता ऐकता होईल. आज मी पत्त्यांविषयी बोलणार आहे. आपल्या झब्बूच्या आणि मेंढीकोटच्या पत्त्यांविषयी नाही, तर टॅरोच्या पत्त्यांविषयी. हल्ली आपल्या गावांतसुद्धा हे पत्ते मांडून भविष्य सांगणारे भेटतात, म्हणून हा विषय घेतला. आणखी एक कारण आहे, ते घरातलंच आहे.

माझी भाची मैत्रिणीबरोबर शिवणकामाचं दुकान काढणार होती. जागा बघून झाली होती, दोन मशीनचे पैसेही जमले होते. कुणीतरी सुचवलं म्हणून ती एका बाईंकडे पत्ते काढायला गेली. बाईंनी पत्ते मांडले आणि त्यात सैतानाचा पत्ता निघाला. “भागीदार फसवणार,” बाई म्हणाल्या. “हे साधे पत्ते नाहीत, पाचशे वर्षांपूर्वीचे मिलानच्या राजघराण्यातले आहेत. खोटं सांगत नाहीत.” वर अकराशे रुपयांचा उपायही सांगितला. पोरगी घरी आली ती गप्पच. पंधरा दिवस मैत्रिणीचा फोन घेतला नाही. मग पुन्हा तोच पत्ता निघतो का ते बघायला तिनं तसलाच संच मागवला आणि माझ्याकडे घेऊन आली. “मावशी, तूच काढ,” म्हणाली.

मी पत्ते काढले नाहीत. आधी सोबतची पुस्तिका वाचायला घेतली. वाचनालयात तीस वर्षं काढलेली बाई दुसरं काय करणार? एका पानावर तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात एक वाक्य होतं: या संचातले चार पत्ते मूळ संचात सापडत नाहीत, ते नव्याने रंगवले आहेत. त्या चारांत पहिलंच नाव सैतानाचं होतं.

म्हणजे माझ्या भाचीची झोप उडवणारा पत्ता पाचशे वर्षांपूर्वीचा नव्हताच. तो आपल्याच काळातल्या एका चित्रकाराचा होता.

हे असं कसं झालं, ते सांगते. इटलीत पंधराव्या शतकात श्रीमंत घराण्यांमध्ये पत्त्यांचा एक खेळ निघाला. 1440 आणि 1442 च्या कागदपत्रांत त्याचे उल्लेख सापडतात. नेहमीचे चार रंग होते, पण बदाम-इस्पिक नव्हे, तर पेले, नाणी, तलवारी आणि दांडे. प्रत्येक रंगाचे चौदा पत्ते, म्हणजे छप्पन्न. त्यात आणखी बावीस चित्रांचे पत्ते घातले. सम्राट, दैवचक्र, मृत्यू, तारा, चंद्र, सूर्य असे एकवीस आणि एक वेडा. एकूण अठ्ठ्याहत्तर. हे एकवीस पत्ते म्हणजे कायमचे हुकूम. आपण मेंढीकोटमध्ये हुकूम मारून हात उचलतो ना, अगदी तसंच. टॅरो हा मुळात हात करायचा खेळ होता. फ्रान्समध्ये, ऑस्ट्रियात, इटलीच्या काही भागांत लोक आजही तो खेळतात.

मिलानला फ्रान्चेस्को स्फोर्झा हा सरदार 1450 मध्ये ड्यूक झाला. त्याची बायको बियांका मारिया ही तिथल्या आधीच्या ड्यूकची, व्हिस्कॉन्ती घराण्यातली मुलगी. या दोन्ही घराण्यांची नावं लावून एक संच ओळखला जातो, व्हिस्कॉन्ती-स्फोर्झा. बोनिफाचो बेंबो या चित्रकाराने तो रंगवला असं बहुतेक अभ्यासक मानतात. कागद एकावर एक चिकटवून पुठ्ठा केलेला, त्यावर सोन्याचा वर्ख, वर्खावर बारीक ठशांची नक्षी. एकेक पत्ता आपल्या तळहाताहून लांब, सुमारे सतरा सेंटिमीटरचा. बऱ्याच पत्त्यांना वरच्या कडेला बारीक भोक आहे, कधीतरी खिळ्याला टांगल्यासारखं.

या संचाचे चौऱ्याहत्तर पत्ते आज शिल्लक आहेत, आणि तेही तीन ठिकाणी वाटले गेलेत. पस्तीस न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात, सव्वीस बेर्गामो शहरातल्या काररारा कलासंग्रहात आणि तेरा तिथल्याच कोलेओनी घराण्याकडे. सापडत नाहीत ते चार: सैतान, बुरूज, तलवारीची तिर्री आणि नाण्यांचा घोडेस्वार. ते हरवले, की सैतान आणि बुरूज या संचात रंगवलेच नव्हते, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. सैतानाचं नाव त्या काळच्या जुगाराविरुद्धच्या एका प्रवचनात, पत्त्यांच्या यादीत येतं. पण मिलानच्या दरबारासाठी हाताने रंगवलेले जे संच उरलेत, त्यांतल्या एकातही सैतान नाही आणि बुरूजही नाही. बघा, पत्ते बघणाऱ्यांकडे लोक ज्यांना सगळ्यात जास्त घाबरतात, त्यांतलेच हे दोन.

आता जो कुणी हा संच छापून विकायला काढतो, त्याच्यापुढे प्रश्न येतो. चौऱ्याहत्तर पत्ते विकून चालत नाही, ना खेळायला ना मांडायला. मग चित्रकाराला बोलावून उरलेले चार त्याच धाटणीत रंगवून घेतात. एका आवृत्तीसाठी ते लुइजी स्कापिनी या इटालियन चित्रकाराने रंगवले, दुसऱ्या आवृत्त्यांत दुसऱ्यांनी. म्हणून एका डबीतला सैतान दुसऱ्या डबीतल्या सैतानासारखा दिसत नाही. मूळच नाही, तर सारखे दिसणार कसे?

यात फसवणूक आहे असं मी म्हणत नाही. आजीच्या पैठणीला भोक पडलं तर आपण रफू करतोच. खरं तर या संचाला पहिलं रफू पंधराव्या शतकातच झालं. धैर्य, संयम, तारा, चंद्र, सूर्य आणि जग हे सहा पत्ते दुसऱ्याच चित्रकाराच्या हातचे आहेत आणि मागाहून घातलेले आहेत. रफू करणं वाईट नाही. रफू लपवून पैठणी कोरी म्हणून विकणं वाईट.

आपल्याकडे सावंतवाडीला हातानं रंगवलेली गंजिफा मिळते, ती तुम्हांला माहीत असेल. गोल पत्ते, दशावतारी संचात दहा अवतारांचे प्रत्येकी बारा, म्हणजे एकशेवीस. ती कला बुडायला आली होती, तेव्हा शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यातच चित्रकार बसवून ती पुन्हा सुरू केली. तिथून आणलेला संच आपण आवडीनं घरात ठेवतो. तो आजच्या हातांनी रंगवलेला आहे हे आपल्याला ठाऊक असतं, आणि त्यानं त्याची किंमत कमी होत नाही.

आता पुस्तिकेकडे येऊ. माझ्या मते खरी गडबड तिथेच होते. चित्रं पंधराव्या शतकातली असतात, पण त्यांच्यासमोर छापलेले अर्थ बऱ्याचदा फार अलीकडचे असतात. मूळ पत्त्यांवर नाव नाही, आकडा नाही, अर्थ तर नाहीच. टॅरोवरून भविष्य बघण्याची चाल पसरली ती अठराव्या शतकात. 1781 मध्ये कूर द जेबलँ या फ्रेंच गृहस्थाने पॅरिसमध्ये छापून टाकलं की हे पत्ते म्हणजे प्राचीन इजिप्तच्या पुरोहितांचं गुप्त ज्ञान. गंमत अशी, की इजिप्तची चित्रलिपी तेव्हा कुणालाच वाचता येत नव्हती. ती उलगडली 1822 मध्ये. म्हणजे जे वाचताच येत नव्हतं, त्याच्या नावावर अर्थ खपवले गेले.

त्यानंतरचे आणि आज सगळ्यात जास्त चालणारे अर्थ आले इंग्लंडमधून. 1909 मध्ये आर्थर वेट या लेखकाने नवा संच काढला. त्याची चित्रं पामेला कोलमन स्मिथ या बाईने काढली. नुसत्या पेल्या-तलवारींच्या पत्त्यांवरही तिनं माणसं आणि प्रसंग चितारले. इतकं मोठं काम, पण पैसे फार थोडे मिळाले, असं तिनं स्वतःच एका पत्रात लिहिलं आहे. वर्षानुवर्षं तो संच प्रकाशकाच्या आणि वेटच्या नावानं ओळखला गेला, तिचं नाव त्यात नव्हतं. 1951 मध्ये ती गेली तेव्हा डोक्यावर कर्ज होतं. आज पुष्कळ पुस्तिका तिच्या चित्रांवरून सुचलेले अर्थ उचलतात आणि साडेचारशे वर्षं आधीच्या पत्त्यांना चिकटवतात.

सगळ्याच पुस्तिका अशा नसतात. चांगली पुस्तिका हातात आली तर घरबसल्या संग्रहालय बघितल्यासारखं होतं. माझ्या आवडीचा एक संच अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. बियांकाच्या वडिलांसाठी तो केला असावा असं मानतात. त्याचे सदुसष्ट पत्ते उरले आहेत आणि त्यात घोडेस्वार पुरुषाच्या जोडीला घोडेस्वार स्त्री आहे! पुढच्या संचांतून या बायका गेल्या. छापलेली नक्कल निघाली नसती, तर आपल्यासारख्यांना त्या दिसल्याच नसत्या.

आणखी एक पत्ता आहे, स्त्री-पोपचा. साध्या जोगिणीच्या वेशातली बाई, डोक्यावर पोपचा तीन थरांचा मुकुट. व्हिस्कॉन्तींच्या नात्यातली मायफ्रेदा नावाची एक जोगीण होती. बाई पोप होणार असं मानणाऱ्या पंथाची ती पुढारी, म्हणून तिला 1300 मध्ये जाळण्यात आलं. पत्त्यावरची बाई तीच असावी, असा तर्क गर्ट्रूड मोकली यांनी 1966 च्या पुस्तकात मांडला. त्या न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात ग्रंथपाल होत्या, म्हणून मला त्यांचं जरा जास्तच कौतुक! पण तर्क तो तर्क. तो सगळ्यांना पटलेला नाही. चांगली पुस्तिका ‘असावी’ म्हणते. घाईची पुस्तिका ‘आहे’ म्हणते.

तर मैत्रिणींनो, असा संच विकत घ्यायचा असेल तर तीन गोष्टी बघा. एक, हे जुन्या पत्त्यांचे फोटो आहेत की कुणी नव्यानं रंगवलंय? फोटो असतील तर उडालेला वर्ख आणि भोकंसुद्धा दिसतील. दोन, नसलेले पत्ते कोणते आणि ते कुणी भरले, हे स्पष्ट लिहिलंय का? तीन, अर्थ दिलेत ते कुठल्या काळातले, हे सांगितलंय का? जी पुस्तिका हे तिन्ही सांगते, तिला पैसे द्यायला हरकत नाही.

आणि कुणी पत्ते मांडून “जुने आहेत, म्हणून खरे आहेत” असं म्हणालं, तर जरा थांबा. गोष्ट जुनी आहे म्हणून ती आपल्या मैत्रिणीला ओळखते असं होत नाही. मैत्रिणीला आपण ओळखतो. शंका असेल तर तिच्याशी बोलावं, हिशेबाची वही उघडावी, भागीदारीचा कागद नीट करून घ्यावा. अकराशे रुपयांत कागदाचा खर्च बहुतेक निघतो.

भाचीला मी एवढंच सांगितलं. दुकान काढ की काढू नको, हे सांगितलं नाही, तो तिचा प्रश्न. मग तिची आई, शेजारच्या काकू, ती आणि मी अशा चौघी त्याच पत्त्यांनी खेळायला बसलो. नियम पुस्तिकेत नव्हते, मी जमेल तसे सांगितले. नेहमीच्या क्रमात सैतान पंधरावा हुकूम आणि तारा सतरावा. काकूंनी मोठ्या ऐटीत सैतान टाकला. भाचीनं हातातले पत्ते दोनदा चाळले, तारा टाकला आणि हात उचलला. पंधरा दिवसांनी पहिल्यांदा हसली.

दुसऱ्या दिवशी तिनं मैत्रिणीला फोन केला. दोघी दोन तास बोलत होत्या. काय बोलल्या ते मी विचारलेलं नाही.

आज इतकंच. नमस्कार.