अळी ओळखता, तशी धास्तीही ओळखा
(जिल्हा बैठकीत केलेलं भाषण)



कापसाचा भाव, सोसायटीचं कर्ज, विजेचं बिल यांवर आपण प्रत्येक बैठकीत बोलतो. आजही बोलणार आहोत. त्याआधी थोडा वेळ आम्हाला एका वेगळ्या विषयासाठी द्या. विषय आहे धास्तीचा.

आमच्या तालुक्यात एक जुना कार्यकर्ता आहे. रास्ता रोकोत पुढे, अटक करून घ्यायलाही पुढे. दोन वर्षांपूर्वी तो बैठकांना येईनासा झाला. आम्ही काय म्हटलं? कुणी म्हटलं घाबरला, कुणी म्हटलं फुटला. खरी गोष्ट आम्हाला आठ महिन्यांनी कळली. बाजाराच्या दिवशी एसटीत त्याची छाती एकाएकी धडधडू लागली, श्वास कोंडला, दरदरून घाम फुटला, आता मेलोच असं वाटलं. दवाखान्यात कार्डिओग्राम काढला, हृदय ठणठणीत. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. मग 'एसटीत पुन्हा झालं तर?' या भीतीनं एसटी सुटली, बाजार सुटला आणि बैठकही सुटली. तो फुटला नव्हता, आजारी होता. आम्ही त्याला लावलेला बोल आम्हालाच आज बोचतो. म्हणून हे भाषण.

पहिली गोष्ट, काळजी म्हणजे आजार नव्हे. मृग कोरडा गेला, पेरलेलं उगवलं नाही, तर झोप उडणारच. तीच काळजी आपल्याला दुबार पेरणीचं बियाणं शोधायला घराबाहेर काढते. पण कारण सरलं तरी धास्ती सरत नाही, किंवा कारण मुठीएवढं आणि धास्ती डोंगराएवढी. तिच्यापायी काम, झोप, संसार अडून बसतो, आणि हे महिनोन्‌महिने चालतं, तेव्हा तो आजार समजावा.

दुसरी गोष्ट, हा आजार एकाच जातीचा नाही. पऱ्हाटीवर अळी म्हटलं की आपण आधी विचारतो, हिरवी, ठिपक्याची की गुलाबी? गुलाबी अळी बोंडाच्या आत बसते, बाहेरून बोंड चांगलं दिसतं. अळी ओळखल्याशिवाय फवारा मारला तर पैसा जातो आणि पीकही जातं. इथंही तसंच आहे.

एक प्रकार सततच्या चिंतेचा. सहा महिने किंवा जास्त, बहुतेक दिवस चिंताच. भावाची मिटली की लेकीच्या लग्नाची, ती मिटली की आणखी कशाची. मान-पाठ आखडलेली, चिडचिड, थकवा, झोप नाही. असा माणूस डॉक्टरला पाठदुखी सांगतो, चिंता सांगत नाही.

दुसरा प्रकार झटक्याचा. त्याला पॅनिक म्हणतात. आमच्या कार्यकर्त्याला झाला तो हाच. झटका मिनिटांत शिगेला जातो आणि ओसरतो. त्यानं जीव जात नाही, पण पुढच्या झटक्याच्या भीतीनं माणूस घरात कोंडून घेतो.

तिसरा प्रकार चारचौघांच्या भीतीचा. लोक बघतील, हसतील, या धास्तीनं तोंडून शब्द फुटत नाही. बहुधा शाळेच्या वयातच सुरुवात होते; आपण 'लाजाळू आहे' म्हणून सोडून देतो. असा माणूस बँकेच्या साहेबापुढं अर्ज ठेवू शकत नाही. सावकार मात्र घरी येतो. मग कर्ज कुणाकडून निघतं, ते आम्ही सांगायला नको. भीतीलाही व्याज पडतं, भावांनो!

चौथा प्रकार एकाच गोष्टीच्या भीतीचा: उंची, सुई, विजेचा कडकडाट. सापाला जपणं हे शहाणपण. पण सापाच्या भीतीनं वावरात पाऊलच पडेना, तर तो आजार.

यांचे दोन भाऊबंदही आहेत. एकात माणूस पुन्हा पुन्हा हात धुतो, दहा वेळा कडी तपासतो. दुसऱ्यात एखादा भयंकर प्रसंग, घरातली आत्महत्या किंवा अपघात, डोळ्यांपुढून हलत नाही. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या वर्गवारीत २०१३ पासून हे दोन्ही वेगळे धरतात.

एक सावधगिरी. प्रत्येक घाबरं होणं मनाचं नसतं. छातीत कळ आली तर आधी दवाखाना. फवारणीनंतर घाम, लाळ, उलटी, डोळ्याची बाहुली बारीक झाली तर ती विषबाधा. कपडे उतरवा, अंग साबणानं धुवा, तडक दवाखाना गाठा. यवतमाळ जिल्ह्यात २०१७च्या फवारणीत आपली किती माणसं गेली, ते विसरू नका.

आता उपाय. बोलून करायचा उपचार असतो. त्यात भीतीपुढं हळूहळू, पायरीपायरीनं जायला शिकवतात. आमचा कार्यकर्ता आधी नुसता थांब्यावर उभा राहिला, मग एक टप्पा गेला, मग तालुक्याला. काहींना गोळ्या लागतात. रोजच्या गोळीचा गुण यायला काही आठवडे लागतात. चार दिवसांत सोडू नका. झोपेची गोळी मात्र मेडिकलमधून आपल्या मनानं घेऊ नका, तिची सवय लागते. दारूनं रात्री धास्ती दबते आणि सकाळी दुपटीनं उठते. अंगारा-धुपाऱ्यात तर पैसाही जातो आणि वेळही.

जिल्हा रुग्णालयात मनोविकाराच्या डॉक्टरांची चौकशी करा. टेली-मानसचा १४४१६ हा फोन २०२२ पासून सुरू आहे. पैसे पडत नाहीत, रात्रीबेरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं सरकारकडून हा उपचार मिळणं आपला हक्क ठरवला आहे. तो मागायला लाज कसली?

कुणी म्हणेल, भाव द्या, धास्ती आपोआप जाईल. भाव तर घेऊच. गोळीनं कापसाचा दर चढत नाही, आणि शेतकऱ्याचं कर्ज त्याच्या डोक्यातल्या बिघाडानं झालेलं नाही. तसं सांगणाऱ्याला आपण जागीच जाब विचारू. पण भाव मिळेपर्यंत आजार अंगावर काढा, असं आपण बैलाच्या बाबतीतही म्हणत नाही. मग माणसाच्या बाबतीत का?

गावोगावच्या कार्यकर्त्यांना एवढंच सांगणं. जो माणूस बैठकीला येईनासा झाला, त्याच्या घरी जा. काय होतंय ते विचारा, आणि मध्ये न बोलता ऐका. मरणाची भाषा निघाली तर त्याला एकटं सोडू नका, घरातलं कीटकनाशक कुलपात ठेवा, त्याला घेऊन दवाखान्यात जा. लढाई लांबची आहे. तिच्यासाठी माणसं शाबूत पाहिजेत.